हिरव्या दिव्याची घरं

१

रेडिओ आजोबांवर सिनेमा चोरल्याचा आळ आला, आणि सिनेमाही कुठला, तर भुताचा.

ज्या माणसाने ‘डोळ्यांना कशाला त्रास’ म्हणून टीव्ही भाच्याला देऊन टाकला, ज्याच्या घरात कॉम्प्युटर नाही आणि मोबाइल आहे तो बटणांचा, त्या माणसाने म्हणे इंटरनेटवरून एक अख्खा सिनेमा उतरवून घेतला आणि वर तो जगाला वाटला. नोटिशीत तसं जाड अक्षरांत लिहिलं होतं. खाली सही, सहीवर शिक्का. मेलेला उंदीर धरावा तशी ती नोटीस दोन बोटांत धरून आजोबा आत्याच्या ऑफिसात आले.

"बाई, हे भूत माझ्याकडे कसं आलं?" ते म्हणाले. "मला तर साधा अंधार सोसत नाही."

ठिणगी त्या वेळी काउंटरमागे दप्तरावर बसून बिस्किटं खात होती. ठिणगी म्हणजे आत्याची भाची, दहावीतली. हे नाव आत्यानेच ठेवलेलं. शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून तिची हनुवटी जी वर गेली होती ती अजून खाली यायची होती. तिने आजोबांच्या हातातून कागद घेतला, वाचला आणि तिला हसू फुटलं. मग तिने आत्याकडे पाहिलं आणि बिस्किट तसंच तोंडात राहिलं.

कारण नोटिशीच्या शेवटी एक ओळ होती: आपलं नाव आपल्या इंटरनेट पुरवठादाराच्या कार्यालयातून मिळालं आहे.

आत्याचं ऑफिस म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेर काउंटर, आत घोंघावणारी यंत्रं. कॉलनीला आणि भोवतालच्या गल्ल्यांना इंटरनेट पुरवायचं हे तिचं काम. मोठ्या कंपन्या जास्त वेग देत, वर एक चहाचा मगही फुकट देत, तरी लोक आत्याकडे येत. त्याचं कारण दारावरच्या पाटीवर होतं: ‘आम्ही कुणाचं नाव कुणाला सांगत नाही.’

सिनेमावाल्यांना इंटरनेटवर दिसतो तो फक्त एक आकडा. त्या आकड्यामागे कुठलं घर आहे हे एकटा पुरवठादारच सांगू शकतो. आत्याकडे हे आकडे रोज बदलत, आणि तारकाका, म्हणजे तारा ओढणारे, जोडणारे आणि ऑफिसची किल्ली सांभाळणारे काका, सकाळी कुलूप उघडून पहिलं काम करत ते कालची नोंद पुसण्याचं. आधी पुसणं, मग चहा. जे ठेवलंच नाही ते मागायला राजा आला तरी काय देणार?

"पण आजोबा आपले ग्राहकच नाहीत," ठिणगी म्हणाली. "त्यांच्या गॅलरीत नुसती गल्लीच्या तारा जोडणारी आपली पेटी आहे."

"त्यावर माझी मांजर झोपते," आजोबांनी दुजोरा दिला. "ऊब असते ना."

"सिनेमावाल्यांच्या वकिलाने घातलेला घोळ असेल," आत्या म्हणाली. "दहा नावं बरोबर लागली आणि अकरावं चुकलं, असा. पण ही शेवटची ओळ..."

तेवढ्यात फोन वाजला. तो ठेवला तोच दुसरा. मग दोन्ही एकदम वाजायला लागले.

२

फोन उचलायला फोनताई होती. तिचं अर्धं आयुष्य ‘आधी बंद करा, मग चालू करा’ हे सांगण्यात गेलं होतं. आज मात्र तिचं कुणी ऐकून घेत नव्हतं.

"सगळ्यांच्या एकेका मित्राला नोटीस आलीय," ती रिसिव्हरवर हात ठेवून कुजबुजली. "स्वतःला आलीय असं एकही म्हणत नाही. आणि संध्याकाळी सगळे इथे येणार आहेत. कनेक्शन तोडा म्हणतात."

त्यातले निम्मे लोक आपल्याच भीतीने घामाघूम झाले असणार, ठिणगीने मनात म्हटलं. फुकटचे सिनेमे बघताना छाती पुढे, नोटिशीचं नाव काढलं की ती आत. अशा लोकांसाठी आत्या दोन महिने त्या वकिलाशी भांडत होती.

आणि वकील म्हणावा तर तो दारात हजर. त्याच्या बुटांत आपलं तोंड दिसावं इतके ते चमकत, म्हणून ठिणगीने त्याचं नाव चकचकीत ठेवलं होतं. बुटांवर केलेल्या कष्टांतले थोडे जरी त्याने डोक्यावर केले असते तर, असं तिला नेहमी वाटे.

"मॅडम, मी म्हणत होतो ना," चकचकीत खुर्ची पुसून बसत म्हणाला, "आज ना उद्या नावं मिळतीलच. तुम्ही दिली असती तर गोडीत झालं असतं."

"कोणी दिली?"

"ते सांगणं माझ्या धंद्याच्या नीतीत बसत नाही. गुप्तता पाळावी लागते."

"लोकांच्या घरात डोकावताना ही गुप्तता कुठे चरायला जाते?" ठिणगीने विचारलं.

"लहान मुलांनी मोठ्यांच्या बोलण्यात पडू नये."

"मोठ्यांनी बोलायला लागावं, म्हणजे पडणार नाही."

आत्याने डोळे वटारले, पण तोंडाचा कोपरा हसला. मग तोही थिजला, कारण चकचकीतने उठता उठता आतल्या खोलीच्या दाराकडे हनुवटीने खूण केली. "एवढंच सांगतो. ज्याने सांगितलं त्याला इथे आडकाठी नाही. हवं तेव्हा येतो, हवं तेव्हा जातो."

आतल्या खोलीत तारकाका उभे होते. हातात पक्कड, खांद्यावर तारेचं भेंडोळं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

 आत्याने विचारलं, आणि विचारताना त्यांच्याकडे बघितलं नाही. "काका, एखाद्या दिवशी पुसायचं राहून गेलं का?"

तारकाकांनी पक्कड खिशात घातली. कमरेची किल्ली सोडून काउंटरवर ठेवली.

"हा प्रश्न तुम्ही विचारलात," ते म्हणाले, "म्हणजे उत्तर काय ते तुमचं तुम्ही ठरवलंय."

आणि ते जिना उतरून गेले. ठिणगीला सायकल चालवायला याच माणसाने शिकवलं होतं. तिला एकदम खूप राग आला. चकचकीतचा, आत्याचा, सगळ्या कॉलनीचा.

"संध्याकाळपर्यंत मी खरा माणूस शोधून काढते," ती म्हणाली.

"ठिणगे, ही वादविवाद स्पर्धा नव्हे," आत्या थकून म्हणाली. "संध्याकाळी मला लोकांना एक नाव द्यावं लागणार आहे. नाहीतर पाटी उतरवायची."

३

जिन्यात तिला आतोबा भेटले.

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. पूर्वी ते एका मोठ्या ऑफिसात होते. तिथे ते काय करत हे कुणालाच माहीत नव्हतं, बहुधा त्या ऑफिसलाही. आता ते घरी असत, टाय लावून. धंदा बायकोचा, सल्ले यांचे, आणि कागदावर डायरेक्टर म्हणून नावही यांचं. आतल्या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत, कारण तिथे थंडी वाजते, पण भिंतीवरचे फोटो सगळे त्यांचे. कंपनी सुरू झाली तेव्हा पेटी बसवलेल्या प्रत्येक घरी जाऊन त्यांनी फीत कापली होती, भाषण ठोकलं होतं आणि फोटो काढून घेतला होता. कात्री दर फोटोत तीच.

"ऐकलं मी," आतोबा म्हणाले. "माणसं ओळखता यायला हवीत. मी तिला सुरुवातीपासून सांगतोय, एवढी ताठ राहू नकोस. दोनचार नावं दिली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"आतोबा, तारकाका असं करतील असं वाटतं तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही. मला माहीत असतं." ते टाय सारखा करत वर गेले. हे त्यांचं आवडतं वाक्य. गावात नवा बसथांबा झाला तरी ते त्यांना आधीपासून माहीत असे.

ठिणगीने कपाळाला हात लावला आणि आजोबांकडून मागून घेतलेली नोटीस छातीला धरून निघाली. लोक लपवतात, कारण ज्याला त्याला वाटतं की आपण एकटेच सापडलो. दुसऱ्याचं उघडं पडलेलं बघितलं की आपलंही पोटातलं ओठावर येतं. हे तिला वर्गातल्या नापास झालेल्यांवरून ठाऊक होतं.

आजोबा म्हणाले होते, नोटीस आणणारा त्यांच्याकडून समोरच्या शिवणताईकडे गेला. शिवणताई कपडे शिवायची. मशीनच्या आवाजावर तिचं बाळ झोपायचं आणि मशीन थांबलं की उठायचं.

"मला कसली नोटीस बाई," मशीन न थांबवता ती म्हणाली.

ठिणगीने आजोबांची नोटीस तिच्यापुढे धरली. "भुताचा सिनेमा. आजोबांनी. मांजरीसोबत बसून बघितला असेल."

मशीन थांबलं. बाळ उठलं. शिवणताईने कपड्यांच्या ढिगाखालून तसलाच कागद काढला आणि रडू की हसू असं झालेलं तोंड करून म्हणाली, "मला पण तेच भूत. नवऱ्याला सांगितलं नाही मी. माझ्याकडे कनेक्शन कुठलं? फोनवर काय ते. वाटलं, पेटी होती म्हणून माझ्याच तारेतून कुणी काही केलं असेल. म्हणून गप्प बसले."

"होती?"

"काढायला लावली ना. रात्रभर तो हिरवा दिवा लुकलुकायचा, बाळ टकामका बघत बसायचं. तारकाकांनी वरच्या दातांच्या डॉक्टरकडे नेली."

ठिणगी गॅलरीत गेली. भिंतीवर चार स्क्रूंची भोकं होती, मधे जरा पांढरा चौकोन. तिने वर बघितलं. डॉक्टरच्या गॅलरीत पेटी होती, हिरवा दिवा मजेत लुकलुकत होता.

"डॉक्टरांना नोटीस?"

"त्यांना विचारलं मी आडून. नाही म्हणाले. दात दाखवून हसलेसुद्धा."

ठिणगीच्या डोक्यात काहीतरी खट्कन बसलं. अजून पुरतं नव्हे. पण आवाज झाला होता.

४

पुढची घरं सोपी गेली. बेकरीवाल्याने नोटीस पिठाच्या डब्यात ठेवली होती. गल्लीच्या टोकाच्या दोघी म्हाताऱ्या बहिणींनी ती फाडून, मग पस्तावून, पुन्हा चिकटवली होती. "कोर्टात दाखवायला लागली तर," धाकटी म्हणाली. "म्हणून," मोठी म्हणाली. दोघींकडे इंटरनेट नव्हतं. दोघींच्या गॅलरीत पेटी होती. बेकरीवाल्याचंही तसंच: इंटरनेट नाही, पण माळ्यावर पेटी.

आणि ज्यांच्या घरी रात्रंदिवस सिनेमे चालत, ज्यांच्या मुलांचे डोळे त्यापायी चौकोनी झाले होते, त्या घरांत एकही नोटीस नव्हती. शपथेवर नव्हती. त्यांना फक्त भीती आली होती.

ठिणगी धावत तारकाकांच्या घरी गेली. काका दारात बसून जुन्या तारांची टोकं सोलत होते. हाताला दुसरं काम सुचत नसावं.

"काका, आपण पेट्या कुणाच्या घरी बसवतो?"

"तुला माहीत आहे."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

काकांनी सुस्कारा टाकला. "ज्याला इंटरनेटशी काही देणंघेणं नाही त्याच्या घरी. ग्राहकाकडे पेटी ठेवली की तो ती उचकतो. जरा वेग कमी झाला की बटण दाबून बघतो, मग सगळी गल्ली बंद. ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही त्याच्याकडे पेटी सुखात राहते. हा नियम आपल्या ऑफिसात झाडणाऱ्या बाईलासुद्धा पाठ आहे."

"सगळ्यांना?"

"आतल्या खोलीत ज्याने एकदा पाय ठेवलाय त्या प्रत्येकाला."

ठिणगी तिथेच पायरीवर बसली आणि खो खो हसायला लागली. काकांना वाटलं पोरीला ऊन लागलं.

"काका, संध्याकाळी या," ती डोळे पुसत म्हणाली. "किल्ली घ्यायला या."

"ज्या दारातून मला असं विचारून काढलं तिथे मी पुन्हा जाणार नाही."

"मग माझ्यासाठी या. मी हरले तर मला सायकलवर घरी कोण सोडेल?"

५

संध्याकाळी ऑफिसात उभं राहायला जागा नव्हती. जे सगळ्यात मोठ्याने ओरडत होते ते सगळ्यात जास्त सिनेमे बघणारे होते, आणि ओरडताना एकमेकांच्या नजरा चुकवत होते. आजोबा, शिवणताई बाळासकट, बेकरीवाला आणि दोघी बहिणी एका ओळीत बसले होते, नोटिसा मांडीवर. चकचकीत कोपऱ्यात उभा होता, शिकार बघायला आलेल्या पाहुण्यासारखा. आतोबा आत्याच्या शेजारच्या खुर्चीत होते, नवा टाय लावून. तारकाका दारातच थांबले होते. उंबऱ्याच्या आत नाही, बाहेर नाही.

आत्या उठली. तिच्या हातात किल्ली होती. ती बोलणार इतक्यात ठिणगी स्टुलावर चढली.

"आधी सत्कार," ती म्हणाली.

"कसला सत्कार?" कुणीतरी खेकसलं.

"आपल्या सगळ्यात जुन्या ग्राहकांचा. एवढं होऊनही जे सोडून गेले नाहीत त्यांचा. आत्या गोंधळलीय, तिला नावं आठवायची नाहीत. आतोबा, तुम्हाला तर सगळं माहीत असतं. तुम्हीच सांगा ना."

आतोबांना सभेत बोलायला मिळणं म्हणजे माशाला पाणी. ते उठले, त्यांनी घसा साफ केला.

"का नाही. मी स्वतः यांच्या घरी फीत कापली आहे," ते म्हणाले. "आमचे पहिले सन्माननीय ग्राहक म्हणजे रेडिओ आजोबा."

आजोबांनी नोटीस वर धरली.

"दुसऱ्या शिवणताई. यांच्याच कात्रीने मी सगळ्या फिती कापल्या."

शिवणताईने नोटीस वर धरली. कोपऱ्यात चकचकीत जोरात खोकला. आतोबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. फोटो काढणारा असता तर बरं झालं असतं, एवढंच त्यांच्या तोंडावर होतं.

"मग आपले बेकरीवाले. आणि या दोघी भगिनी."

पाव भाजल्याच्या वासाचा एक कागद वर आला. मग एक चिकटवलेला.

"साहेब, बसा," चकचकीत म्हणाला. "डायरेक्टरसाहेब, बसा ना."

"डायरेक्टरसाहेब," ठिणगीने तो शब्द गोळी चघळावी तसा चघळला. "आतोबा, दातांच्या डॉक्टरांचं नाव राहिलं."

"त्यांचा आपला काय संबंध?"

"हिरव्या दिव्याची पेटी आता त्यांच्याकडे आहे. शिवणताईंकडे नाही. तारकाकांना माहीत आहे, त्यांनीच हलवली. फोनताईला माहीत आहे, डॉक्टर रोज तिला फोन करून पेटीच्या आवाजाबद्दल भांडतात. गल्लीतून वर बघत जाणाऱ्या कुठल्याही परक्याला डॉक्टरांची पेटी दिसली असती आणि नोटीस डॉक्टरांना गेली असती. शिवणताईंचं नाव तोच देईल ज्याने पेटी बसताना बघितली आणि पुन्हा कधी तिकडे फिरकला नाही."

शिवणताईचं बाळ चुटचुट अंगठा चोखत होतं.

"आणि दुसरं. या कुणाकडेच आपलं इंटरनेट नाही. कधीच नव्हतं. पेटी मुद्दाम अशांकडेच ठेवतात हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला नोंद बघता येते तो खरी नावं देईल. ज्याला काम कळतं तो निदान ही नावं देणार नाही. ही नावं फक्त अशा माणसाला सुचतील जो कंपनीचा डायरेक्टर आहे आणि कंपनीत काय चालतं हे ज्याने एकदाही आत जाऊन बघितलेलं नाही."

आतोबा हळूहळू खाली बसले. टाय एकदम लांब दिसायला लागला.

आत्याने त्यांच्याकडे वळून विचारलं, "अहो?"

"मी नोंद वगैरे काही दिली नाही," ते पुटपुटले. "कॉफी पाजली या वकीलसाहेबांनी. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणी विचारलं, तुमचं मत काय. मला वाटलं, चारपाच नावं घेतील आणि तुझ्या मागचं शुक्लकाष्ठ संपेल. ओळखीची घरं सांगितली. फीत कापायला गेलो तेव्हा त्या घरांनी मला चहापाणी फार मानाने केलं होतं."

"म्हणून आम्हाला चोर केलंत," आजोबा म्हणाले. तेवढंच म्हणाले, पण आतोबांनी मान खाली घातली ती पुन्हा वर झाली नाही.

ठिणगी चकचकीतकडे वळली. "आणि तुमच्याकडे आकडे होते, यांनी घरं दिली. तुम्ही कुठलाही आकडा कुठल्याही घराला लावलात आणि शिक्का मारून मोकळे झालात. तार नाही, कॉम्प्युटर नाही, तरी सिनेमा उतरला. हे न्यायाधीशांना समजावताना मला नक्की बोलवा. मी शाळा बुडवून येईन."

"नोटिशीत ‘कार्यालयातून मिळालं’ लिहिलंय," आत्या शांतपणे म्हणाली. "खोट्या नोटिसा कुणी आणि कशा तयार केल्या, हे आता तुम्हाला सांगावं लागेल. उद्या आमचा वकील येईल तुमच्याकडे. त्याचे बूट साधे आहेत."

चकचकीत निघाला. दारात तारकाका होते. ते बाजूला सरले, पण इतकेच की त्याला अंग चोरून जावं लागलं. मघाचे ओरडणारे आता सगळे म्हणत होते की आमचा आधीपासून विश्वास होता. ठिणगीने त्यांच्याकडे शेवाळाकडे बघावं तसं बघितलं.

६

सकाळी शाळेआधी ठिणगी ऑफिसात डोकावली. आत्या काउंटरपाशी उभी होती, चहा न करता. किल्ली काउंटरवर होती.

तारकाका जिना चढून आले. उंबऱ्यापाशी थांबले.

"काका," आत्या म्हणाली, आणि या वेळी तिने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "मी घरात शोधायचं सोडून तुमच्यात शोधलं. चुकलं माझं."

 काकांनी किल्ली उचलली, कमरेला लावली आणि आत गेले. कालची नोंद पुसली गेल्याचा यंत्राचा बारीक आवाज आला. त्यानंतरच आत्याने चहा ठेवला.

"काका," कप पुढे करत ती म्हणाली, "बेकरीवाले पेटी नको म्हणतात. पिठाने बिघडते म्हणे. ती काढा आणि आमच्या घरी बसवा."

"तुमच्या? पण तुम्ही तर..." काकांनी डोकं खाजवलं. "नियम आहे ना. ज्याला यातलं काही कळत नाही त्याच्याचकडे."

"नियमानेच चाललेय मी. माझ्या खोलीत नको. यांच्या खोलीत बसवा. उशाशी."

काका चहा पिता पिता थांबले. मग त्यांच्या खांद्यावरचं तारेचं भेंडोळं हलायला लागलं. बऱ्याच दिवसांनी ते हसत होते.

ठिणगीने दप्तर उचललं. संध्याकाळी येताना शिवणताईकडून तिची ती कात्री आणायची होती, आणि लाल फीत.